टर्मिनलवर चालतं, ब्राउझरमधून चालत नाही: पीएचपीतून बाहेरचा प्रोग्रॅम चालवतानाचं जुनं दुखणं

"दादा, नोटिशीची पीडीएफ येत नाहीये. आणि एररपण काही येत नाहीये."

असा फोन मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. माणसं बदलतात, दुखणं तेच. या वेळी एक पतसंस्था होती. वार्षिक सभेची नोटीस वर्डमध्ये करायची, साइटच्या अ‍ॅडमिन पानावरून चढवायची, आणि मागच्या मागे पीएचपीने (साइटमागे चालणाऱ्या स्क्रिप्टच्या भाषेने) लिब्रे-ऑफिस चालवून तिची पीडीएफ करायची, असा साधा मामला. सर्व्हर उबुंटू लिनक्सचा, त्यावर अपाची हा वेब सर्व्हर. नोटीस चढवणाऱ्या मुलीला 'फाइल सेव्ह झाली' असा हिरवा संदेश दिसत होता आणि फोल्डरमध्ये पीडीएफचा पत्ता नव्हता.

मी सर्व्हरवर लॉगिन केलं, स्क्रिप्टमधली कमांड उचलून टर्मिनलवर चिकटवली, सवयीने पुढे सुडो लावलं (म्हणजे कमांड रूट या सर्वाधिकारी युजरच्या नावाने चालते) आणि एंटर मारला. काही सेकंदांत पीडीएफ तयार. म्हणजे कमांड बरोबर, लिब्रे-ऑफिस बरोबर, फाइल बरोबर. इथेच बहुतेकजण डोकं धरून बसतात आणि पीएचपीला शिव्या देतात. (ते सुडो लक्षात ठेवा. त्याने पुढे मला चांगलंच तोंडघशी पाडलं.)

कमांडची नावं मी बोलताना म्हणतो तशीच लिहितो आहे. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत.

टर्मिनलवर कमांड चालवता तेव्हा ती तुम्ही चालवता. तुमचं होम फोल्डर, तुमचा पाथ (प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ती यादी), तुमची भाषेची सेटिंग, तुमच्या परवानग्या, सगळं तिच्यामागे उभं असतं. ब्राउझरमधून तीच कमांड चालते तेव्हा ती चालवणारा असतो वेब सर्व्हरचा युजर. डेबियन-उबुंटूवर तो 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा', रेड हॅटच्या घराण्यात 'अपाची'. या गड्याला लॉगिन शेल (टर्मिनलवर कमांड वाचून चालवणारा बॅशसारखा प्रोग्रॅम) नाही, त्याचं होम आहे पण त्यात लिहायची परवानगी नाही, आणि तुमच्या बॅशच्या फायलीत काय लिहिलंय ते त्याने कधी वाचलेलं नाही. १९९३ साली एनसीएसए या अमेरिकी संस्थेच्या वेब सर्व्हरसाठी सीजीआय (वेब सर्व्हरने बाहेरचा प्रोग्रॅम चालवायची पद्धत) निघालं तेव्हापासून लोक याच दगडाला ठेचकाळत आहेत.

आधी त्याला बोलतं करा

कारण शोधायच्या आधी एरर दिसायला हवी. पतसंस्थेच्या स्क्रिप्टमध्ये बाहेरची कमांड चालवायला पीएचपीचं शेल-एक्झेक हे फंक्शन वापरलं होतं. ते फक्त स्टँडर्ड आउटपुट परत देतं. तक्रार मात्र प्रोग्रॅम स्टँडर्ड एररवर करतो, म्हणजे तुमच्या हाती रिकामी पाटी. अपाचीच्या आत पीएचपी मॉड्यूल म्हणून चालत असेल तर ती तक्रार निदान अपाचीच्या एरर लॉगमध्ये सापडते, तिथे आधी बघा. पीएचपी-एफपीएम (पीएचपी वेगळी सर्व्हिस म्हणून चालवायचा प्रकार) असेल आणि 'कॅच वर्कर्स आउटपुट' बंद असेल, तर ती थेट डेव्ह-नल या लिनक्सच्या कचरापेटीत गडप होते.

म्हणून शेल-एक्झेक काढा आणि एक्झेक वापरा, तेही तिन्ही आर्ग्युमेंट देऊन: कमांड, आउटपुटचा अ‍ॅरे आणि परतीचा कोड. कमांडच्या शेवटी २>&१ जोडा, म्हणजे तक्रारही त्याच अ‍ॅरेत येते. मग दोन्ही गोष्टी लॉगमध्ये लिहा. अर्धी दुखणी इथेच कळतात, कारण तो कोड बोलका असतो. १२७ म्हणजे कमांड सापडलीच नाही, पाथ बघा. १२६ म्हणजे सापडली पण चालवता येत नाही: एक्झिक्यूटची परवानगी नाही, किंवा ती ज्या डिस्कवर आहे ती नोएक्झेक लावून माउंट केली आहे. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, कुणीतरी किल मारला. छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) हा 'कुणीतरी' बहुधा मेमरी संपल्यामुळे जागा झालेला कर्नल असतो. १३९ म्हणजे प्रोग्रॅम स्वतःच कोसळला.

एक्झेक बोलावल्यावर पीएचपीच 'असं फंक्शनच नाही' म्हणत असेल, तर होस्टिंगवाल्याने पीएचपीच्या आयएनआय फायलीत 'डिसेबल फंक्शन्स'मध्ये ते टाकलेलं आहे. शेअर्ड होस्टिंगवर हे सर्रास असतं. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही, स्वतःचा सर्व्हर घ्या.

आमच्याकडे कोड आला ७७, आणि सोबत लिब्रे-ऑफिसची तक्रार: युजर इन्स्टॉलेशन पूर्ण करता आलं नाही, म्हणून प्रोग्रॅम सुरू होऊ शकत नाही. खाली व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू फोल्डरच्या नावाने 'परमिशन डिनाइड'ची एक ओळ. चोर सापडला.

घर नसलेला युजर

लिब्रे-ऑफिस पहिल्यांदा चालतं तेव्हा चालवणाऱ्याच्या होममध्ये आपलं प्रोफाइल मांडतं. वेब सर्व्हरच्या युजरचं होम पासवर्ड फायलीत व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असं लिहिलेलं असतं, आणि त्या फोल्डरची मालकी रूटकडे. प्रोफाइल मांडायला जागा नाही, म्हणून प्रोग्रॅम दारातूनच परत. मी सुडोने चालवलं तेव्हा तो रूटच्या घरात गेला आणि तिथे त्याची उत्तम सोय झाली.

उपाय म्हणून लोक त्या फोल्डरला ७७७ परवानगी, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं, देतात. कृपा करून हे करू नका. साइटचं मूळ फोल्डर वेब सर्व्हरला लिहायला मोकळं केलंत, तर उद्या एका फुटक्या प्लगइनमधून आत आलेला माणूस तिथे स्वतःची पीएचपी फाइल ठेवून जाईल. व्हार-लिबखाली एक वेगळं फोल्डर करा, मालकी वेब सर्व्हरच्या युजरला द्या, परवानगी ७०० (फक्त मालकाला) ठेवा, आणि लिब्रे-ऑफिसला 'युजर इन्स्टॉलेशन'चा एन्व्ह पर्याय देऊन प्रोफाइल तिथे मांडायला सांगा. या पर्यायात फाइलच्या पत्त्याला 'फाइल' आणि तीन तिरक्या रेघा लागतात; दोन दिल्या की पुन्हा तासभर गेला.

इथे आणखी एक खाच आहे. एकाच प्रोफाइलवर लिब्रे-ऑफिसच्या दोन प्रती एकदम चालत नाहीत. दोघांनी एकाच मिनिटाला फाइल चढवली तर दुसऱ्याची कमांड काही न करता परत येऊ शकते. चाचणी करताना तुम्ही एकटे असता, म्हणून हे तेव्हा कधीच दिसत नाही. ते सभेच्या आदल्या दिवशी दिसतं. दर वेळी नवं तात्पुरतं प्रोफाइल देता येतं, पण ते मांडण्यात वेळ जातो. पतसंस्थेएवढ्या साइटला मी सरळ एफलॉक हे कुलूप लावतो: एक प्रोफाइल, एक रांग, ज्याची पाळी आली त्याने पुढे यायचं.

घराचा हा प्रश्न फक्त लिब्रे-ऑफिसचा नाही. उबुंटूवर क्रोमियम ब्राउझर स्नॅप या उबुंटूच्या पॅकेज पद्धतीतून येतो, आणि स्नॅपला युजरचं होम मुळात 'होम' फोल्डरखालीच लागतं. व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूत राहणाऱ्याला ते दारातच उभं करत नाही. पीडीएफसाठी हेडलेस (खिडकी न उघडता चालणारं) क्रोमियम वापरायचं असेल तर स्नॅपबाहेरचं पॅकेज घ्या.

पाथ, आणि पाथच्या आतला पाथ

१२७ आला की पूर्ण पत्ता द्यायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. 'कमांड -व्ही' ने पत्ता काढा आणि स्क्रिप्टमध्ये तोच लिहा. पण तुम्ही बोलावलेला प्रोग्रॅम पुढे दुसऱ्याला नुसत्या नावाने हाक मारत असेल तर तुमचा पूर्ण पत्ता त्याच्या कामाचा नाही. चित्रं हाताळणारं इमेज-मॅजिक पीडीएफ वाचायला घोस्टस्क्रिप्टला असंच 'जीएस' म्हणून हाक मारतं. एफपीएममध्ये 'क्लिअर एन्व्ह' मुळातच चालू असतं, म्हणजे बाहेरचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (पाथ, होम, भाषा अशा सेटिंगी) आत येण्याआधीच पुसले जातात. पूलच्या कॉन्फिग फायलीत पाथची एक ओळ असते, पुढे सेमीकोलन टाकून झोपवलेली. तिला उठवा आणि एफपीएम रीस्टार्ट करा.

(इमेज-मॅजिक पीडीएफला हात लावायलाच नकार देत असेल आणि तक्रारीत 'सिक्युरिटी पॉलिसी' असा शब्द असेल, तर पाथशी त्याचा संबंध नाही. २०१८ मध्ये घोस्टस्क्रिप्टमधल्या सुरक्षेच्या भोकांनंतर अनेक वितरणांनी पॉलिसीच्या एक्सएमएल फायलीत पीडीएफ बंद करून टाकलं. ती ओळ उघडण्याआधी घोस्टस्क्रिप्ट ताजं करून घ्या.)

टेम्प फोल्डर आहे, पण ते नव्हे

हे मला पहिल्यांदा भेटलं तेव्हा अख्खी दुपार गेली होती. स्क्रिप्ट म्हणते फाइल टेम्पमध्ये लिहिली, कोड शून्य, सगळं छान. मी टेम्पमध्ये बघतो तर फाइल नाही. मग स्क्रिप्टमध्येच 'फाइल आहे का' विचारलं, तर म्हणते आहे. माझ्या डोळ्यांना नाही, तिच्या डोळ्यांना आहे.

कारण सिस्टम-डी या लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या यंत्रणेतलं 'प्रायव्हेट टेम्प'. ते चालू असलं की त्या सर्व्हिसला स्वतःचं वेगळं टेम्प फोल्डर मिळतं. खऱ्या टेम्पमध्ये रूट होऊन पाहिलंत तर 'सिस्टमडी-प्रायव्हेट'ने सुरू होणारी लांबलचक नावाची फोल्डरं दिसतील. तुमची फाइल त्यांतल्याच एकात बसलेली असते. उबुंटूच्या अपाचीला हे मुळातच लावलेलं आहे. उलट बाजूनेही हेच फसवतं: तुम्ही हाताने टेम्पमध्ये ठेवलेली फाइल स्क्रिप्टला दिसत नाही. सर्व्हिस रीस्टार्ट झाली की ते खासगी टेम्प पुसलं जातं, हेही आलंच.

यातून मी एक सवय लावून घेतली: दोन प्रोग्रॅममध्ये देवाणघेवाण करायची फाइल टेम्पमध्ये ठेवायचीच नाही. व्हार-लिबखालचं ते स्वतःचं फोल्डर बरं.

मराठी नाव आणि गायब होणारी अक्षरं

इंग्रजीत लिहिलेल्या मदतीच्या पानांवर हे क्वचित सापडतं, कारण त्यांच्या फायलींची नावं 'रिपोर्ट' आणि 'फायनल' असतात. आपल्याकडची नोटीस चढवणारी मुलगी फाइलला 'वार्षिक सभा नोटीस' असंच नाव देणार, आणि का देऊ नये?

फाइलचं नाव शेलला देण्याआधी ते एस्केपशेलआर्ग या फंक्शनमधून (ते नाव अवतरणांत घालून शेलसाठी निर्धोक करतं) न्यायचं, हा नियम आपण शहाण्यासारखा पाळतो. पण हे फंक्शन चालू लोकेल (भाषेची आणि अक्षरांची सेटिंग) बघतं. उबुंटूच्या अपाचीच्या एन्व्हव्हार्स फायलीत भाषा 'सी' अशी ठेवलेली असते, आणि 'सी' लोकेलमध्ये देवनागरीची बाइट त्याला अवैध वाटतात. ते एरर देत नाही, ती बाइट गुपचूप गाळून टाकतं. मी एका जुन्या पीएचपीवर हे आत-बाहेर छापून पाहिलं. आत गेलं 'वार्षिक सभा नोटीस' आणि शेवटी डॉट-डॉक्स. बाहेर आलं ते दोन अवतरणचिन्हं, मध्ये दोन मोकळ्या जागा आणि डॉट-डॉक्स. तीन शब्दांतलं एक अक्षर शिल्लक नाही. लिब्रे-ऑफिस बिचारं त्या बिननावाच्या फायलीला शोधत होतं.

लगेचचा इलाज म्हणजे स्क्रिप्टच्या सुरुवातीला सेटलोकेलने एलसी-सीटाइप 'सी.यूटीएफ-८' करणं, आणि पुटएन्व्हने तेच एलसी-ऑलमध्ये टाकणं, म्हणजे पुढच्या प्रोग्रॅमलाही ते पोचतं. पण मी आता मुळावरच घाव घालतो: लोकांनी दिलेलं नाव डिस्कवर वापरायचंच नाही. डिस्कवर यादृच्छिक अक्षरांचं नाव, खरं नाव डेटाबेसमध्ये, आणि डाउनलोडच्या वेळी पुन्हा तेच मराठी नाव लावून द्यायचं. यात सुरक्षाही साधते. नावात सेमीकोलन किंवा बॅकटिक घालून तुमच्या सर्व्हरवर स्वतःची कमांड चालवणं ही जुनी युक्ती आहे. आणि नाव वजाच्या चिन्हाने सुरू होत असेल तर नीट एस्केप करूनही प्रोग्रॅम त्याला पर्याय समजतो. पीएचपी ७.४ पासून प्रॉक-ओपनला कमांड अ‍ॅरेच्या रूपात देता येते. मग मध्ये शेल येतच नाही आणि एस्केप करायचाही प्रश्न उरत नाही. नवं काही लिहीत असाल तर तसंच लिहा.

नाव सुटलं तरी मजकूर आहेच. पीडीएफ झाली, पण आत अक्षरांच्या जागी चौकोन, असं झालं तर सर्व्हरवर देवनागरी फाँट नाही. 'एफसी-लिस्ट'ला भाषा 'एमआर' अशी देऊन विचारा. उत्तर रिकामं आलं तर नोटो किंवा लोहित देवनागरीचं पॅकेज टाका. मात्र हा प्रश्न वेब सर्व्हरच्या युजरच्या नावाने विचारा. फाँट तुम्ही स्वतःच्या होममध्ये टाकला असेल तर तो तुम्हाला दिसेल, त्याला नाही. आणि चौकोनांऐवजी रोमन अक्षरांचा काला दिसत असेल, तर मूळ फाइल युनिकोडमध्ये नाहीच. ती श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे. सर्व्हरवर कितीही खटपट केलीत तरी ते सुधारणार नाही. ज्याने टाइप केली त्याच्याशी बोला.

पान फिरतच राहतं

कधी एररही नाही आणि उत्तरही नाही, नुसतं चक्र फिरतं. पहिला संशय: प्रोग्रॅम काहीतरी विचारतोय आणि उत्तर द्यायला कुणी नाही. 'फाइल आधीच आहे, वर लिहू का?' असं एफएफएमपेग हा व्हिडिओ-ऑडिओचा प्रोग्रॅम टर्मिनलवर विचारतं, तेव्हा आपण 'वाय' (हो) दाबून विसरून जातो. ब्राउझरमागे वाय दाबणारं कुणी नसतं. त्याला तो पर्याय आधीच द्या, आणि स्टँडर्ड इनपुट डेव्ह-नलला जोडा.

दुसरा संशय प्रॉक-ओपन वापरणाऱ्यांसाठी. लिनक्सवर पाइपमध्ये (दोन प्रोग्रॅममधल्या आउटपुटच्या नळीत) साधारण ६४ केबी मावतात. तुम्ही आउटपुट वाचत बसलात आणि प्रोग्रॅमने तोवर एररचा पाइप तुंबवला, तर तो लिहायला थांबतो, तुम्ही वाचायला थांबता, आणि दोघं एकमेकांची वाट बघत बसता. थोड्या आउटपुटवर सगळं चालतं, मोठी फाइल आली की अडकतं, ही याची खूण. एरर सरळ फायलीत वळवा.

पीएचपीची 'मॅक्स एक्झिक्यूशन टाइम'ची मर्यादा इथे वाचवेल असं समजू नका. लिनक्सवर ती बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये गेलेला वेळ मोजतच नाही. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर पुढे असेल तर तो ६० सेकंदांनी कंटाळून ५०४ (वेळ संपली) ही एरर देतो, पण मागे प्रोग्रॅम चालूच राहू शकतो. युजर पुन्हा बटण दाबतो, दुसरी प्रत सुरू होते, मग तिसरी. कमांडच्या पुढे 'टाइमआउट ६०' लावा. वेळ संपली की कोड १२४ येतो आणि काय झालं ते कळतं. काम मागे सोडून पान लगेच परत द्यायचं असेल तर शेवटी नुसतं & पुरत नाही, आउटपुट आणि एरर दोन्ही वळवावी लागतात, नाहीतर पीएचपी तरीही थांबून राहतं.

परवानग्या बरोबर, तरी नकार

रेड हॅट, अल्मा, रॉकी यांवर मालकी, परवानगी, पाथ सगळं तपासून झालं आणि तरी नकारच येत असेल, तर एसई-लिनक्स, म्हणजे परवानग्यांच्या वर बसलेला सुरक्षेचा आणखी एक पहारा. 'सेटएन्फोर्स ०' करून एकदा पान चालवा. चाललं तर निदान झालं. लगेच परत १ करा. कायमचं बंद करणं हा उपाय नव्हे, जरी अर्ध्या उत्तरांत तोच सांगितलेला असतो. 'एयूसर्च'ने एव्हीसीच्या (एसई-लिनक्सने दिलेल्या नकारांच्या) नोंदी काढा, त्यात नेमकं काय अडवलं ते लिहिलेलं असतं. बहुधा फोल्डरला वेब सर्व्हरने लिहायचं लेबल लावायचं असतं किंवा एखादं बुलियन (चालू-बंद होणारी सेटिंग) चालू करायचं असतं.

तपासणीची पद्धत मात्र सगळीकडे एकच. सुडोला वेब सर्व्हरच्या युजरचं नाव द्या, पुढे 'एन्व्ह -आय' लावून सगळे व्हेरिएबल पुसा, मग कमांड चालवा. दहापैकी सात वेळा ब्राउझरमधली एरर तुमच्यासमोर जशीच्या तशी उभी राहते. उरलेल्या तीन वेळा खासगी टेम्प किंवा एसई-लिनक्स असतं, कारण या वाटेने तुम्ही त्यांच्या कुंपणात शिरतच नाही. तेव्हा चार ओळींचं पीएचपी पान करा, त्यात तीच कमांड आणि 'आयडी' चालवून सगळं छापा. काम झालं की ते पान पुसा. विसरलात तर दुसरं कुणीतरी ते वापरेल.

तर पतसंस्थेचं काम झालं. प्रोफाइलचं फोल्डर केलं, नाव बदललं, फाँट टाकला. लिब्रे-ऑफिस रूपांतर फसलं तरी कधीकधी कोड शून्य देतं, म्हणून 'पीडीएफ आहे का' ही तपासणीही घातली आणि मगच हिरवा संदेश. नोटिशीची जागा ठरलेली होती, एकच पीडीएफ, दर वेळी तिच्यावरच नवी लिहायची. मी वेगळ्या फायलीवर चाचणी केली, चालली, फोन करून सांगितलं.

चार दिवसांनी पुन्हा फोन. "दादा, सभेची तारीख बदलली म्हणून नवी नोटीस चढवली. संदेश हिरवा येतोय, पण पीडीएफ जुनीच उघडतेय."

फोल्डर उघडलं. पीडीएफवर तारीख चार दिवसांपूर्वीची आणि मालक रूट. पहिल्या दिवशी मी सुडोने केलेली तीच. वेब सर्व्हरचा युजर तिच्यावर लिहू शकत नव्हता, माझी तपासणी 'आहे का' एवढंच विचारत होती, आणि ती होती. ती पुसली, स्क्रिप्ट आता आधी नव्या नावाने फाइल करते, तिची वेळ बघते आणि मगच जुनीच्या जागी सरकवते. मुलीला सांगितलं, पुन्हा एकदा चढव. मी लाइनवरच थांबलो.